जर-तरची मुलूखगिरी

बाळा, पानिपत जिंकल्याची गोष्ट लिहायला घेतलीस असं तुझ्या आईकडून कळलं. छान झालं. आपल्याकडे घरटी एक माणूस ती लढाई जेवणाच्या ताटावर पुन्हा लढत असतो. तू निदान कागदावर लढतोयस. पहिल्या पानावर पेशवेपुत्र विश्वासराव वाचतात आणि तिसऱ्या पानावर जरीपटका काबूलवर चढतो, हेही तिनं कौतुकानं सांगितलं. मधलं दुसरं पान जरा घाईत गेलं, एवढंच माझं म्हणणं. मराठ्यांनी मुलूख जिंकला म्हणून कोणी तुझी गोष्ट खाली ठेवणार नाही. पण तो कोणी राखला, कशाच्या बळावर आणि कोणाच्या पैशानं, हे दिसलं नाही तर नक्की ठेवील. हे कानमंत्र त्या दुसऱ्या पानासाठी. पटतील ते घे, न पटतील त्यांवर दिवाळीत येशील तेव्हा भांड.

आधी काय बदलायचं ते ठरव

१. एकच गोष्ट बदल, आणि ती लहान असू दे — जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांची गोळी तेवढी चुकवली, म्हणून पुढचं सगळं वाचकानं मुकाट मान्य केलं.

२. ‘नशिबानं’ हा शब्द गोष्टीत एकदाच वापर — पहिला चमत्कार देवाचा, दुसरा लेखकाच्या आळसाचा.

३. बदल कोणत्या घटकेला घडतो ते नीट पारख. १४ जानेवारी १७६१ ला तोंड लागलं तेव्हा छावणीतलं धान्य आणि वैरण दोन्ही संपत आलं होतं — त्या दुपारी वाचवलेल्या विश्वासरावांना संध्याकाळी वाढायचं काय, हा प्रश्न तसाच राहतो.

४. जमेल तर बदल थोडा मागे ने. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अहमदशहा अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून आला आणि आपल्या सेनापतीची, सदाशिवरावभाऊंची, दिल्लीकडची वाट तुटली — तिथला एक उतार राखायला चमत्कार लागत नाही, चार जागी पथकं पुरतात.

५. खरा इतिहास पानिपतावर थांबवू नकोस, पुढची चाळीस वर्षं वाच — हरूनसुद्धा महादजी शिंद्यांनी १७७२ मध्ये शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर आणून बसवलं आणि १७८४ नंतर, मधल्या पडझडी सोडल्या तर, १८०३ पर्यंत दिल्ली शिंद्यांच्याच छायेत होती. तुझ्या विजयानं याहून जास्त काय मिळालं, ते तुला सांगता आलं पाहिजे.

६. जिंकलेल्या अब्दालीचं पुढं काय झालं तेही बघ. मार्च १७६१ मध्ये तो दिल्ली सोडून निघून गेला — पगार थकलेलं त्याचं सैन्य घरी जायला उतावीळ होतं, आणि चारच वर्षांत लाहोरही शिखांच्या हाती गेलं.

वाट, पाऊस आणि चंदी

७. नकाशावर बोट फिरवू नकोस, मुक्काम मोज — भाऊ मार्च १७६० मध्ये परतुराहून निघाले ते ऑगस्टच्या आरंभी दिल्लीत शिरले. तुझ्या गोष्टीत तेवढ्या वेळात लाहोर, पेशावर आणि काबूल उरकतं.

८. पावसाळा विसरशील तर आधीच सांगते, चिडेन. गंभीर नदीनं भाऊंना अडकवून ठेवलं आणि दोआबात उतरायचा बेत यमुनेच्या पुरानं मोडला — आपल्या इतिहासात कित्येक बेत शत्रूच्या आधी नदीनं हाणून पाडलेत.

९. घोड्याच्या चंदीचा हिशेब पहिल्या पानापासून ठेव — लढाई वर्षातून एकदा, चंदी रोज.

१०. फौज मोजताना बाजारबुणगे, बायकामुलं आणि कुरुक्षेत्राच्या ओढीनं सोबत आलेले यात्रेकरू यांनाही धर — तलवार त्यांच्या हातात नसते, पण भाकरी त्यांनाही लागते.

११. रसद आणणाऱ्या माणसाला नाव दे, चेहरा दे, जमलं तर एखादं जुनं दुखणंही दे — डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि छावणीचा घास आटला. लढाईच्या गोष्टीत रसदेचा माणूस दुय्यम समजणारा लेखक अर्धी लढाई न वाचताच लिहितो.

१२. एखाद्या ठाण्यावर धान्य सापडलं की ते किती दिवस पुरेल ते लगेच लिहून ठेव. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला तेव्हा छावणीला चांगला साठा मिळाला — पण तेवढ्या मोठ्या लष्करापुढं एका गढीची कोठारं किती दिवस टिकणार!

१३. थंडी लिही. दख्खनच्या माणसानं पंजाबच्या तोंडाशी डिसेंबर-जानेवारी उघड्यावर काढायचा, हे एका वाक्यात उरकू नकोस — कुडकुडणाऱ्या फौजेचं शौर्य आणि शेकोटीपाशी बसलेल्या फौजेचं शौर्य वेगळं असतं.

१४. सैनिकाला घर असतं हे लक्षात ठेव. आपली मुलूखगिरी दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायची आणि बरीचशी फौज पावसाआधी शेताकडे वळायची — अलेक्झांडरसारख्यालाही इ. स. पू. ३२६ मध्ये बियास नदीवरून परतावं लागलं, कारण फौजच पुढं पाऊल टाकीना.

१५. काबूल हवंच असेल तर तिथं जाण्याची गरज आधी निर्माण कर. पेशव्यांचे बंधू राघोबादादांनी १७५८ मध्ये लाहोरहून लिहिलेल्या पत्रात काबूल-कंदाहारची भाषा आहे, पण पावसाळा तोंडावर येताच ते स्वतः माघारी फिरले — उत्साहानं लिहिलेलं पत्र आणि खैबर ओलांडलेली फौज यांत फार मोठा डोंगर आहे.

पैशाचं बोलू या

इथं तुझा चेहरा पडणार, ठाऊक आहे. इथं सगळ्यांचेच पडतात.

१६. मुलूख जिंकलास की दुसऱ्याच ओळीत विचार: याची वसुली किती, आणि ती येईपर्यंत काय खायचं — झेंडा एका दिवसात चढतो, वसुली बसायला पिढी जाते.

१७. मोहिमेचा खर्च कोणीतरी सोसला पाहिजे. राघोबादादांच्या फौजा अटकेपर्यंत धडकल्या, पण ते खजिना घेऊन नाही, कर्ज घेऊन परतले — १७६० मध्ये उत्तरेला त्यांच्याऐवजी भाऊ का गेले, याचं एक कारण त्या हिशेबातच सापडतं.

१८. कबूल केलेली रक्कम आणि हातात पडलेली रक्कम वेगळ्या लिही. लाहोरचा सुभा अदीना बेगला वर्षाला ७५ लाखांच्या बोलीवर दिला, आणि सप्टेंबर १७५८ मध्ये अदीना बेगच वारला — बोलणारा गेला की बोलीही जाते.

१९. रोख संपली की मोठी माणसं काय करतात ते दाखव. भाऊंनी दिल्लीच्या दिवाण-ए-खासाचं चांदीचं छत काढून नाणी पाडली — त्या एका प्रसंगात सगळ्या मोहिमेची ओढाताण दिसते, वेगळं भाषण लिहावं लागत नाही.

२०. चौथ घेतली म्हणजे राज्य घेतलं असं धरू नकोस. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई आणि दहा टक्के सरदेशमुखीचा हक्क आला, पण कारभार सुभेदाराकडेच राहिला — नकाशात दोघांना एकच रंग दिलास तर जाणकार वाचक तिथंच हसेल.

२१. घराजवळचा विजय लांबच्या विजयापेक्षा पैशाला खरा असतो. फेब्रुवारी १७६० मध्ये भाऊंनी उदगीरला निजामाला नमवून साठेक लाखांचा मुलूख आणि दौलताबादेसारखा किल्ला मिळवला — ती वसुली पुण्याच्या नजरेखालची होती.

२२. सावकाराला एक प्रसंग दे, बसका आवाज आणि जाड वही घेऊन — राजा तलवार घेऊन निघतो, पण पोचतो सावकाराच्या परवानगीनं.

शेजाऱ्यांची मनं

२३. मित्र हवेत तर त्यांना मित्र होण्याचं कारण दे. होळकरांची फौज चालून येतेय हे कळल्यावर जयपूरच्या ईश्वरीसिंहानं डिसेंबर १७५० मध्ये जीव दिला आणि पुढच्याच महिन्यात जयपुरात शेकडो मराठे कापले गेले — दहा वर्षांनी राजपूत पानिपताला का आले नाहीत, हे विचारायला मग तोंड कुठून आणायचं?

२४. सूरजमल जाटाला निव्वळ ‘सोडून गेला’ म्हणून हिणवू नकोस — लढाईतून वाचलेल्या मराठ्यांना त्याच माणसाच्या मुलखात आसरा आणि अन्न मिळालं. जो जातो तो शत्रूच होतो असं नाही, हे कळलं की गोष्ट एकदम मोठी होते.

२५. अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याला आपल्या बाजूला ओढायचं असेल तर त्याच्या पदरात काय घालणार ते आधी लिही — अब्दालीकडून रोहिला सरदार नजीबखान त्याला वळवायला गेला तेव्हा तो रिकाम्या हातानं गेला नव्हता.

२६. नजीबखानाला खलनायक कर, माझी हरकत नाही. पण त्याची जमीन दोआबातच आहे हे विसरू नकोस — अब्दालीला परत जायला काबूल होतं, नजीबाला जायला जागाच नव्हती, म्हणून तो इतका चिवट.

२७. जिंकलेल्या गावात फुलं उधळणारी गर्दी आणण्याआधी त्या गावाची आठवण तपास. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांचा धसका बंगालनं एवढा घेतला की १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला आणि बंगाली अंगाईत अजून बर्गी, म्हणजे हेच मराठे स्वार, येतात — ज्यांच्या नावानं लेकरं निजवतात, त्यांचं स्वागत आरतीनं होत नाही.

२८. तरीही स्वारीतून मुलूख पदरात पडू शकतो, पण मग तो तहात दाखव. १७५१ च्या तहानं भोसल्यांना ओडिशा आणि बंगालची बारा लाखांची चौथ मिळाली, आणि ओडिशा १८०३ पर्यंत राहिलं — दहा वर्षांच्या धावाधावीनंतर कोणीतरी बैठकीला बसलं, म्हणून.

राहणार कोण?

हा सगळ्या कानमंत्रांचा गाभा. बाकी विसरलास तरी चालेल, हे सहा नको विसरूस.

२९. मुलूख जिंकणाऱ्याच्या आधी तिथं राहणाऱ्याचं नाव ठरव — अटकेपर्यंत जाणारे पुष्कळ होते, पण मागं साबाजी शिंद्यांसारख्यांच्या हाती थोडी फौज उरली. १७५९ च्या उत्तरार्धात अब्दाली पूर्ण ताकदीनं उतरला तेव्हा पंजाब सोडावाच लागला.

३०. सरदाराला तिथं बिऱ्हाड थाटू दे. होळकर इंदुरास, शिंदे ग्वाल्हेरास आणि गायकवाड बडोद्यास मुळं धरून राहिले, ते थेट संस्थानं विलीन होईपर्यंत — जिथं चूल पेटते तिथं राज्य टिकतं, जिथं नुसती राहुटी पडते तिथं गवत पुन्हा उगवतं.

३१. लांबचं राज्य टिकवायचं तर ते लहान ठेवायला लाजू नकोस. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि भोसल्यांचा वंश तिथं १८५५ पर्यंत नांदला — त्यांनी तमिळ मुलखात तमिळ मुलखासारखं राहायला घेतलं, आणि मोडीतली दप्तरंही सांभाळली.

३२. कमाविसदार नेम, आणि त्याच्या कचेरीत फारसी लिहिणारा मुन्शी राहू दे — पहिल्याच दिवशी सगळे जुने कारकून हाकललेस तर कोणत्या शेताचा सारा किती, हे सांगणारा माणूसच उरणार नाही.

३३. बादशहाला तख्तावरून ओढायची घाई करू नकोस. महादजींनी १७८४ मध्ये वकील-इ-मुतलकपद पेशव्यांच्या नावानं घेतलं, बादशहा होता तिथंच ठेवला — त्या बिचाऱ्याच्या हाती सत्ता नव्हती, पण त्याच्या नावाला अजून किंमत होती, आणि किंमत असलेली वस्तू शहाणा माणूस फोडत नाही.

३४. राजधानी घेतली की युद्ध संपलं, असं लिहू नकोस. नेपोलियन सप्टेंबर १८१२ मध्ये मॉस्कोत शिरला, शहर जळत होतं, तहाला कोणी येईना, आणि महिन्याभरात त्याला परत फिरावं लागलं — जिंकल्याचा कागद लिहून देणारं समोर कोणीतरी लागतं.

तोफा आणि समुद्र

३५. नुसती तोफ दाखवू नकोस, तिच्या मागं उभा राहणारा सराईत माणूस दाखव. इब्राहिमखान गारद्याची शिस्तीची पायदळ पलटण आणि आपलं धावतं घोडदळ यांचा मेळ पानिपतावर बसला नाही — दोन चांगल्या रीती एका दिवसात एक होत नाहीत, त्यांना एकत्र कवायत लागते.

३६. शत्रूच्या हातीही चांगली शस्त्रं असू दे. अब्दालीच्या उंटांवरच्या जंबुरका, म्हणजे हलक्या तोफा, हलवायला सोप्या होत्या, आपल्या जड तोफा एकदा मांडल्या की मांडल्या — ही एक ओळ तुझ्या लढाईच्या वर्णनाला दहा विशेषणांहून जास्त वजन देईल.

३७. महादजींचा कवायती सेनानी द बॉइन याच्या पलटणी आणि आग्र्याचा तोफखाना १७६५ मध्येच हवा असेल तर आण, पण किंमत मोजून आण — महादजींना तो उभा करायला १७८४ नंतरची वर्षं, परदेशी कवायती अधिकारी आणि दर महिन्याचा रोख पगार लागला.

३८. समुद्र रिकामा ठेवू नकोस. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या साथीनं तुळाजी आंग्र्यांना चेपलं आणि विजयदुर्गापाशी आंग्र्यांचं आरमार जळालं — त्याआधीच्या वर्षात तुझा ‘जर’ टाकलास तर निम्मी गोष्ट आपोआप उभी राहते, आणि हा ‘जर’ फारसा कोणी वापरलेला नाही.

३९. जिंकलेल्या किल्ल्याबरोबर न जिंकलेलाही दाखव. दोन वर्षांची झुंज आणि तटाखालचे सुरुंग यांच्या जोरावर चिमाजीअप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली, पण गोवा पोर्तुगीजांकडे १९६१ पर्यंत राहिला आणि जंजिरा मराठ्यांना कधीच मिळाला नाही — सगळंच जिंकणाऱ्या गोष्टीवर शेंबडं पोरही विश्वास ठेवत नाही.

४०. इंग्रजांना पानिपतावर हरवता येत नाही, ते तिथं नव्हतेच. प्लासी १७५७ ला होऊन गेली होती, बक्सार १७६४ ला आणि दिवाणी १७६५ ला मिळायची होती — नारळीकरांनीसुद्धा आपल्या पर्यायी मुंबईत कंपनी शाबूत ठेवली, यातच त्यांचा समंजसपणा दिसतो.

घरातली भांडणं

४१. बाहेरचा शत्रू हरवलास की आतला जागा कर — जिंकलेल्या घरात वाटणीची भांडणं हरलेल्या घरापेक्षा मोठी होतात. शिंदे-होळकरांचं उत्तरेतलं वैर एका विजयानं विरघळणारं नव्हतं.

४२. ज्याला वाचवतोस त्याच्यामुळं कोण मागं पडतं ते बघ. विश्वासराव जगले तर पुढची गादी त्यांची, आणि मग थोरले माधवराव १७६१ मध्ये पेशवे होत नाहीत — म्हणजे एका गोळीच्या बदल्यात तू खऱ्या इतिहासातला सगळ्यात कर्तबगार पेशवा गमावलास. हा सौदा नायकाला कळू दे, किंवा निदान वाचकाला.

४३. राघोबादादा तुझ्याही गोष्टीत आहेतच. १७७३ मध्ये त्यांच्या पुतण्याचा, नारायणराव पेशव्यांचा, खून शनिवारवाड्यात झाला, दिल्लीत नव्हे — राज्याला लागणारी कीड सरहद्दीवर शोधत बसू नकोस.

४४. सगळी फौज उत्तरेला पाठवलीस तर दक्षिण कोण बघणार, तेही लिही. १७६१ मध्येच हैदरअलीनं म्हैसूर हातात घेतलं, १७६३ मध्ये निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं आणि मग त्याच ऑगस्टात राक्षसभुवनाला हिशेब चुकता झाला — पाऊल उत्तरेला टाकावं, कान दक्षिणेला ठेवावा.

लिहायला बसताना

४५. तिथी-वार तपासून घे. पानिपत ‘संक्रांतीच्या दिवशी’ झालं असं सर्रास म्हणतात, पण त्या काळी संक्रांत १० जानेवारीच्या आसपास यायची — दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले तो १० जानेवारी १७६० चा दिवस मात्र संक्रांतीचा होता.

४६. छावणीत चहा उकळू नकोस — मला कितीही आवडत असला तरी पेशव्यांच्या राहुट्यांत तो पोचलेला नव्हता. एवढ्याशा चुकीनं वाचकाचा तुझ्या मोठ्या मोठ्या लढायांवरचाही भरवसा उडतो.

४७. लढाईचं वर्णन एका माणसाच्या नजरेतून कर. विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर खचला, असं सांगतात — तुझ्या गोष्टीत ती अंबारी भरलेली ठेव, आणि दूरवरून तिच्याकडे बघणारा एक साधा शिलेदार निवड. बाकीचं तोच सांगेल.

४८. शत्रूला तुझ्याइतकीच अक्कल दे. तू यमुनेचा उतार राखलास तर अब्दाली दुसरा शोधेल, किंवा अनूपशहराकडेच तळ लांबवील — मूर्ख शत्रूवर मिळवलेला विजय कोणाच्याच लक्षात राहत नाही.

४९. दर विजयामागं एक खोट लिही — मेलेली घोडी, रुसलेला सरदार, उजाड झालेला एखादा परगणा. नुकसान लिहायला हात आखडलास तर फायद्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

५०. नकाशा शेवटी काढ, आधी नको — आधी रंगवलेला नकाशा लेखकाला ओढत नेतो, आणि मग प्रत्येक वाक्य रंग भरण्यापुरतं उरतं.

५१. गोष्ट संपवण्याआधी दहा वर्षांनंतरचं एक पत्र लिहून बघ: सरहिंदचा कमाविसदार पुण्याला लिहितोय, यंदा पाऊस कमी, वसुली अर्धी, शिपायांचे सहा महिने थकलेत, काय करावं — ते पत्र तुला सहज लिहिता आलं तर तुझा विजय खरा, आणि अडखळलास तर सरहद्द चार मुक्काम मागं घे.

५२. आणि मागं घेतलेल्या सरहद्दीची लाज बाळगू नकोस. दिल्लीपर्यंत पोचून तिथं पन्नास वर्षं नीट कारभार करणारे मराठे, हीच मुळात कोणी न लिहिलेली गोष्ट आहे — काबूलच्या आधी तीच लिहून पाठव. पण सोबत जमाखर्चाचा कागद जोड; तो नसेल तर मी पहिल्या पानाच्या पुढं जाणार नाही, सांगून ठेवते.